आलेखाच्या लायब्ररीत दिनांक-वेळेचा अक्ष: खुणा भलत्याच वेळांवर पडतात

चोडणकर

नमस्कार. चोडण बेटावर आमची थोडी खाजन शेती आहे. तिच्या मानशीवर जून २०२४ पासून मी पाण्याची उंची दर १० मिनिटांनी नोंदवणारे एक छोटे उपकरण बसवले आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन आणि मानस म्हणजे त्या बांधातले दार. मांडवीला भरती आली की पाण्याच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. बांधाच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन सेन्सर आहेत. दोन्हींच्या रेघा एकाच आलेखात पाहिल्या की दार नेमके केव्हा मिटले, ते कुजले किंवा अडकले आहे का, हे घरबसल्या कळते.

हे आलेख काढण्यासाठी मी सी प्लस प्लसमध्ये स्वतःची एक लहान लायब्ररी लिहिली आहे. तयार लायब्रऱ्या असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. शिकण्याची हौस आणि घरातले जुने, कमी ताकदीचे यंत्र, ही दोनच कारणे आहेत.

लायब्ररीत आतापर्यंत साधा आणि लॉगरिदमिक असे दोनच अक्ष होते. साध्या अक्षावर खुणांमधील अंतर १, २, ५ आणि त्यांच्या दहापटींतून निवडले जाते. वेळ मी १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत साठवतो, म्हणून तोच अक्ष वेळेलाही चालेल असे मी धरून चाललो आणि तिथेच फसलो. दोन दिवसांच्या आलेखासाठी लायब्ररीने २०,००० सेकंदांचे अंतर निवडले. संख्या म्हणून ते गोल आहे, पण घड्याळात ते ५ तास ३३ मिनिटे २० सेकंद होते. त्यामुळे ३ जुलै २०२४ ला पहिली खूण १५:१६:४० वर, दुसरी २०:५०:०० वर आणि पुढच्या दोन दुसऱ्या दिवशी ०२:२३:२० आणि ०७:५६:४० वर पडल्या. वडिलांना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी विचारले, "ह्यात मध्यरात्र कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी अंतर हाताने ६ तासांचे केले, तर खुणा ०५:३०, ११:३०, १७:३० आणि २३:३० ला आल्या. वर्षाच्या आलेखासाठी १ जानेवारी २०२५ पासून ३०-३० दिवस मिळवत गेलो, तर बारावी उडी १ जानेवारी २०२६ ऐवजी २७ डिसेंबरवर येऊन थांबली. एक कोडे आणखी आहे: आलेख एका तासापर्यंत मोठा करून पाहिला की १०-१० मिनिटांवरचे बिंदू सारख्या अंतरावर दिसत नाहीत, कुठे दाटीने तर कुठे विरळ पडतात, आणि नोंदींच्या फाइलमध्ये मात्र वेळा चोख आहेत.

दिनांकासाठी लायब्ररीत वेगळा डेटाप्रकार आणून सगळी फंक्शने पुन्हा लिहावी लागतील का, हा माझा मूळ प्रश्न आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

अंत्रुजकर

वेगळा डेटाप्रकार लायब्ररीच्या गाभ्यात आणू नका. लॉगरिदमिक अक्षासाठी तुम्हाला संख्येचे पडद्यावरच्या जागेत रूपांतर करणारे गणित बदलावे लागले असेल. वेळेच्या अक्षाला तेही बदलावे लागत नाही, कारण वेळ सरळ रेषेतच पुढे जाते. पंचाईत होते ती दोनच ठिकाणी, खूण कुठे मारायची आणि तिच्याखाली काय लिहायचे. म्हणून अक्षाला दोन सुट्या गोष्टी बाहेरून देता येतील अशी सोय करा: एक खुणा शोधणारा, दुसरा लेबल लिहिणारा. मॅटप्लॉटलिब ह्या पायथनच्या आलेख-लायब्ररीतही हीच वाटणी आहे. तिथे तारीख ही अखेर दिवसांची अपूर्णांकी संख्याच असते, आणि लोकेटर व फॉरमॅटर ह्या वस्तू तिच्यावर स्वतंत्रपणे काम करतात.

खुणा शोधणाऱ्याला १-२-५ चा नियम शिकवू नका, घड्याळाच्या पायऱ्या शिकवा. डी-थ्री ह्या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत त्या १, ५, १५ व ३० सेकंद, तितकीच मिनिटे, १, ३, ६ व १२ तास, १ व २ दिवस, आठवडा, १ व ३ महिने आणि वर्ष अशा आहेत. वर्षाच्या पुढे आणि सेकंदाच्या खाली तुमचा जुना १-२-५ चा नियम पुन्हा चालतो. दोन पायऱ्यांपैकी जवळची कोणती, हे मात्र वजाबाकीने ठरवू नका, भागाकाराने ठरवा. समजा हवे असलेले अंतर ४ तास २० मिनिटे आले. वजाबाकीने पाहिले तर ३ तासांची पायरी जवळ वाटते, कारण फरक ८० मिनिटांचा आणि ६ तासांपासूनचा फरक १०० मिनिटांचा आहे. पण २६० ला १८० ने भागले तर १.४४ येतात आणि ३६० ला २६० ने भागले तर १.३८, म्हणून खुणांच्या दाटीच्या दृष्टीने ६ तासच जवळचे ठरतात.

साडेपाचचा घोळ असा आहे की सेकंदांना ८६,४०० ने, म्हणजे दिवसाच्या सेकंदांनी, भागून खालचा पूर्णांक घेतला की तुम्हाला ग्रीनिचची मध्यरात्र मिळते, आणि तेव्हा आपल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आधी १९,८००, म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, मिळवा, मग भागून खालचा पूर्णांक घ्या, गुणा आणि १९,८०० वजा करा. इथे एक खड्डा आहे. पूर्णांकांचा भागाकार करताना सी प्लस प्लस शून्याच्या दिशेने तोडते, खालच्या दिशेने नव्हे. १९७० नंतरच्या वेळांना त्याने काही बिघडत नाही, पण आधीच्या वेळा ऋण असतात आणि तिथे एक दिवसाची चूक होते. माझ्या चाचण्यांत मी नेहमी गोवा मुक्तीचा दिवस ठेवतो, कारण तो लक्षात राहतो आणि ऋण बाजूला पडतो. १९ डिसेंबर १९६१ हा दिवस १ जानेवारी १९७० च्या बरोबर २,९३५ दिवस आधीचा आहे. त्या दिवशीची दुपारी १२ ची वेळ आपल्या घड्याळाने उणे २,९३४.५ दिवस येते. ती खाली उतरवली तर उणे २,९३५ म्हणजे १९ डिसेंबर मिळतो, शून्याकडे तोडली तर आलेख मुक्ती २० डिसेंबरला दाखवतो.

महिन्यांना सेकंदांत मोजण्याचा नाद सोडून द्या. पहिली वेळ वर्ष, महिना, दिवस अशी फोडा, महिन्याचा आकडा वाढवा, १२ च्या पुढे गेल्यास वर्ष वाढवा आणि मग पुन्हा सेकंद करा. सी प्लस प्लस २० पासून क्रोनो ह्या भाषेसोबतच येणाऱ्या वेळेच्या लायब्ररीत ही कॅलेंडरची आकडेमोड तयार मिळते.

बिंदूंच्या दाटीचे कोडे मला सगळ्यांत आवडले. तुमचे चित्र काढणारे फंक्शन वेळ ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये घेत असणार. फ्लोटकडे अचूकतेचे २४ बिटच असतात आणि आजचे सेकंद १७० कोटींच्या पुढे गेले आहेत. तेवढ्या मोठ्या संख्येजवळ दोन लगतच्या फ्लोटांमधले अंतर १२८ सेकंदांचे असते. तुमचे ६०० सेकंद १२८ च्या पटीत बसत नाहीत, म्हणून काही बिंदूंमध्ये ५१२ सेकंद उरतात तर काहींमध्ये ६४०. दोन दिवसांच्या आलेखात हे डोळ्यांना कळत नाही, एका तासाच्या आलेखात लगेच कळते. वेळ शेवटपर्यंत डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या अधिक अचूक प्रकारात, ठेवा, दिसणाऱ्या भागाच्या डाव्या कडेची वेळ तिच्यातून वजा करा आणि उरलेली लहान संख्या फ्लोटला द्या. मॅटप्लॉटलिबलाही ह्याच जातीचा त्रास होता. तिथे पूर्वी दिवस इसवी सनाच्या आरंभापासून मोजत आणि मायक्रोसेकंद हरवत, ३.३ आवृत्तीत मोजणीचा आरंभ १९७० वर आणला तेव्हा ते थांबले.

पावसाची वही

मी वाळपईला राहते आणि पावसाच्या नोंदींचे आलेख काढते, म्हणून चोडणकरांच्या साडेपाचच्या खुणांची बाजू थोडी घेते. हवामानाची निरीक्षणे जगभर ग्रीनिचच्या घड्याळाने दर तीन तासांनी घेतली जातात. ते तास आपल्याकडे ०५:३०, ०८:३०, ११:३०, १४:३० असे उमटतात. हवामानाच्या आकड्यांखाली ह्याच खुणा हव्या असतात. मध्यरात्रीपासून मोजलेले ६, ९, १२ तिथे निरुपयोगी ठरतात, कारण एकही नोंद त्यांच्यावर पडत नाही. तेव्हा १९,८०० हा आकडा लायब्ररीत कायमचा कोरून ठेवू नये. खुणांची मोजणी कुठून सुरू करायची हे आलेख काढणाऱ्याला सांगता आले पाहिजे.

पावसाच्या खांबांची अडचण तर ह्याहून नाजूक आहे. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. १० जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस ९ जुलैच्या सकाळी ८:३० पासून १० जुलैच्या सकाळी ८:३० पर्यंत पडलेला असतो, म्हणजे त्या २४ तासांपैकी साडेपंधरा तास आदल्या दिवसाचे असतात. मी आधी खांब १० तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढे काढत होते. त्याच आलेखावर नदीच्या पाण्याची रेघ टाकली, तेव्हा पाणी पावसाच्या आधीच चढताना दिसू लागले आणि दोन दिवस मी सेन्सरला दोष देत बसले. खांबाला एक वेळ न देता आरंभ आणि शेवट अशा दोन वेळा द्याव्यात, असे माझे मत झाले आहे. वर्षाच्या खुणांनाही हेच लागू आहे. आमचे वर्ष १ जूनला सुरू झाले तरच एका पावसाळ्याची बेरीज दुसऱ्यात मिसळत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली नाही ना, ते पाहा. वीज गेल्यावर तुमचे उपकरण बंद पडत असेलच. त्या काळात रेघ सरळ जोडली गेली, तर दोन दिवस पाणी संथपणे उतरत होते असा भास होतो. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट खंड पडला की मी रेघ तोडते.

म्हापशेकार

एवढी यातायात भारतात कशाला हवी? उपकरणाचे घड्याळ आपल्या वेळेवर लावलेले असते. तीच वेळ ग्रीनिचची आहे असे समजून सेकंद करा, तसेच लेबल छापा, आणि १९,८०० मिळवण्या-वजा करण्याची भानगडच उरत नाही. माझा कारखान्यातल्या तापमानाचा आलेख गेली कित्येक वर्षे असाच चालू आहे आणि कुणाची तक्रार नाही.

मडगाव ते लिस्बन

म्हापशेकारांची युक्ती गोव्यात चालते, हे मान्य आहे, कारण भारताचे घड्याळ वर्षभर हलत नाही. मात्र लायब्ररी एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की ती कुठे वापरली जाईल ह्यावर आपला ताबा राहत नाही, आणि आपली माणसे तर आखातापासून इंग्लंडपर्यंत पसरलेली आहेत. मी लिस्बनमध्ये राहतो. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ १ वर मागे नेतात, त्यामुळे २७ ऑक्टोबर २०२४ ला दीड वाजण्याची वेळ दोनदा आली. घरातल्या वीज वापराचा आलेख मी ह्याच युक्तीने काढला होता. त्या रात्री रेघ १:५० पर्यंत गेली, मागे वळून १:०० वर आली आणि स्वतःच्याच अंगावरून पुन्हा पुढे गेली.

म्हणून फाइल वाचतानाच, एकदाच, स्थानिक वेळेचे ग्रीनिचच्या सेकंदांत रूपांतर करावे आणि पुढे सगळीकडे तेच सेकंद फिरवावेत. स्थानिक घड्याळ फक्त खुणा शोधताना आणि लेबल लिहिताना लागते. दिवस, आठवडा, महिना ह्या पायऱ्या कॅलेंडरने चालवाव्यात. २४ तास मिळवून पुढचा दिवस काढला, तर ऑक्टोबरमधल्या २५ तासांच्या त्या दिवसानंतर प्रत्येक खूण रात्री ११ वर पडते. ६ तासांच्या खुणांतही तोच सापळा आहे. त्या रात्री १२ च्या पुढे ६ तास मोजले की घड्याळात ५ वाजलेले असतात. तेव्हा स्थानिक तास ठरवून तो सेकंदांत बदलावा आणि प्रत्येक दिवशी मोजणी नव्याने मध्यरात्रीपासून सुरू करावी.

जुन्या नोंदींसाठी एक आडवळणाची माहिती. टाइमझोनच्या कोशात संपूर्ण भारतासाठी एशिया-कोलकाता हे एकच नाव आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होते, हे त्यात नोंदवलेले आहे. गोवा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. त्या वर्षांतल्या गोव्याच्या नोंदी कोणी आलेखात घेणार असेल, तर कोशाने दिलेल्या वेळेवर डोळे मिटून विसंबू नये.

म्हापशेकार

मागे वळणारी रेघ पटली. माझा कारखाना जागचा हलणार नाही म्हणून माझे चालले आहे, एवढेच.

चोडणकर

सर्वांचे आभार. अंत्रुजकर सर, तुमचा अंदाज बरोबर होता: चित्र काढणाऱ्या फंक्शनमध्ये फ्लोटच होता. डावी कड वजा केल्यावर बिंदू शिस्तीत उभे राहिले. पायऱ्यांची यादी घातली, खुणांचा आरंभ बाहेरून देता येईल असे केले, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे ३० मिनिटांहून मोठा खंड पडला की रेघ तुटते. आता मध्यरात्रीच्या खुणा जागेवर आहेत आणि भरतीचे टोक रोज साधारण ५० मिनिटांनी उजवीकडे सरकताना स्वच्छ दिसते. आधीच्या विचित्र खुणांमुळे एवढी ढळढळीत गोष्टही लपून गेली होती.

दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली लेबलांची. प्रत्येक खुणेखाली दिनांक, महिना, वर्ष आणि वेळ छापली की ती एकमेकांवर चढतात. जागा वाचवण्यासाठी मी महिन्याच्या नावाची पहिली तीन अक्षरे घेण्याचे ठरवले, तर सप्टेंबरचे "सप्" झाले, ऑक्टोबरचे "ऑक्" आणि जानेवारीचे "जान".

दुसरी अडचण वडिलांनी उभी केली. ते म्हणतात की खाजनातला माणूस तारखेने चालत नाही, तिथीने चालतो; उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते आणि भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती अष्टमीच्या सुमारास, तेव्हा खाली तिथी लिहिली तर हा आलेख गावात कोणालाही वाचता येईल. तिथीची पायरी किती सेकंदांची धरावी?

अंत्रुजकर

लेबलांचे आधी. संगणक ज्याला अक्षर समजतो ते आपले अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे त्याच्या लेखी सुटे असतात, म्हणून तीन मोजले की "सप्टेंबर"चा हलन्त लोंबकळत राहतो. नावे कापू नका, बारा लघुरूपांची यादीच ठेवा: जाने, फेब्रु, मार्च, एप्रि, मे, जून, जुलै, ऑग, सप्टें, ऑक्टो, नोव्हें, डिसें. लेबलाची रुंदीही अक्षरे मोजून काढू नका, जोडाक्षरे जुळून आल्यानंतर फॉन्टकडून मागून घ्या. दाटी टाळायची असेल तर जे बदलले तेवढेच लिहा. खुणेखाली ०६:००, १२:००, १८:०० एवढेच असावे. मध्यरात्रीच्या खुणेखाली ००:०० न लिहिता "४ जुलै" लिहावे, आणि वर्ष उजव्या कोपऱ्यात एकदाच यावे. मॅटप्लॉटलिबच्या ३.१ आवृत्तीपासून ह्याच रीतीने आटोपशीर लेबल लिहिणारा एक फॉरमॅटर आहे, त्याची वागणूक पाहून घ्या.

आता तिथी. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा प्रत्येक तिथीला ४५ मिनिटे धरतो, त्यामुळे तिथीही सारख्या लांबीची असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिथी चंद्र आणि सूर्य ह्यांच्यातील १२ अंशांच्या अंतराने ठरते, चंद्राचा वेग रोज सारखा नसतो आणि म्हणून एखादी तिथी २४ तासांहून बरीच लहान तर एखादी मोठी असते. तिची पायरी सेकंदांत धरताच येणार नाही. पण खुणा शोधणारा तुम्ही गाभ्यापासून वेगळा ठेवला आहे, तेव्हा ह्या वेळी त्याला नियम देऊ नका, वेळांची यादीच द्या: तिथी लागण्याचे क्षण आणि त्यांची नावे. अक्षाखाली तारखेची ओळ राहू द्या आणि तिच्या खाली दुसरी ओळ ह्या यादीवरून काढा. नाव खुणेखाली न लिहिता दोन खुणांच्या मधोमध लिहा, कारण अष्टमी हा क्षण नसतो, तो एक काळ असतो.

यादी पंचांगावरून हाताने भरणार असाल तर दोन ठिकाणी जपा. पंचांगात तिथीपुढे छापलेली वेळ ती संपण्याची असते, म्हणून सप्तमीपुढची वेळ तुमच्या यादीत अष्टमीच्या नावावर जाईल. आणि काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५:४० किंवा २६:१५ अशी त्याच दिवसाच्या ओळीत छापलेली असते. तुमचे वेळ वाचणारे फंक्शन ती चूक समजून टाकून देईल, तेव्हा २४ हून मोठा तास आला की त्यातून २४ वजा करून दिवस एकने वाढवा.